ताईंचं 'म्हणे'

कुमुदताई पोतनीस युक्रेनला कधीच गेल्या नव्हत्या. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ताई गेल्या आणि ही गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच मागे उरलो. भोपाळातली कितीतरी कुटुंबं आजही शपथेवर सांगतील की मॅडम चार वर्षं तिकडे राहून आल्या होत्या. तसं त्यांना मीच सांगितलं होतं.

अरेरा कॉलोनीत बाजाराच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. बारावीनंतर इथे डॉक्टरकीला जागा न मिळालेली मुलं मी युक्रेनला पाठवत असे, बहुतेक चेर्निव्त्सीला. रोमानियाच्या सरहद्दीजवळचं जुनं शहर ते. प्रवेश, होस्टेल, जेवण एवढं मी सांगू शकायचो. पण एखादी आई विचारायची, "भाईसाहब, छुट्टी के दिन बच्चा जाएगा कहाँ? देखने लायक कुछ है वहाँ?" की मी पंख्याकडे बघायचो. मुळात मी बोलणारा माणूस नाही.

ताई पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. शेजारणीच्या मुलाला मी दिलेलं रंगीत पत्रक त्यांच्या हातात होतं.

"वानखेडे तुम्हीच का? यात शहर नदीच्या उत्तरेला दाखवलंय. ते दक्षिणेला आहे. मुलं पाठवता की पार्सलं?"

माहेर ग्वाल्हेरचं, नोकरी भोपाळच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली. यजमान गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात होते, ते वारले. लेक आणि जावई अपघातात गेले, त्यांची मुलगी सई आजीकडेच वाढत होती. नकाशातली चूक काढायला आलेल्या बाईंना मी चहा दिला आणि विचारलं, आमच्याकडे बसाल का? "घरी बसून तरी काय करतेय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन हजर.

महिनाभर त्यांनी त्या मुलखाबद्दल मिळेल ते वाचलं, फोटो पाहिले. मग त्या आईबापांना फिरवून आणू लागल्या. सुरुवात ठरलेली. "चला, चपला घाला." समोरचे लोक गोंधळून स्वतःच्या पायांकडे बघत. ताई भिंतीवरच्या नकाशापाशी जात, बोट कागदाला न टेकवता ("बोटानं गाव मळतं") हवेतच फिरवत आणि चालू लागत.

"हा चौक, हा टाउन हॉल. इथे म्हणे रोज दुपारी बाराला एक माणूस नक्षीचा सदरा घालून सज्जात येतो आणि चारी दिशांना तोंड करून तुतारी वाजवतो. इकडे एक चर्च आहे, त्याचे घुमट पिळल्यासारखे. लोक म्हणे त्याला दारुडं चर्च म्हणतात. बघणाऱ्यालाच चढते! आणि ही विद्यापीठाची लाल विटांची इमारत. छपरावरची रंगीत कौलं म्हणे तिथल्या बायकांच्या विणकामाच्या नमुन्यावर बसवलीत. माहेश्वरीचा काठ असतो ना, तसं काहीतरी."

शेवटी शहराबाहेरचा खोतिनचा किल्ला. तिथे आल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. "नदीच्या काठावर उंच भिंती आहेत. एका भिंतीवर मोठा ओला डाग आहे, भर उन्हाळ्यातही वाळत नाही. तिथे म्हणे एका मुलीला जिवंत चिणलं होतं. तिचे अश्रू ते." बायका पदर तोंडाला लावत. ताई शांतपणे पुढे म्हणत, "आपल्याकडे तळ्याला पाणी लागावं म्हणून सून द्यायचे, तिकडे भिंत टिकावी म्हणून लेक. बांधकामाला बायकाच लागतात सगळीकडे."

एकदा उज्जैनचे एक मराठी व्यापारी सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही दर वाक्याला 'म्हणे' लावता. म्हणजे स्वतः काही पाहिलेलं नाही ना?" आणि मुलाला घेऊन उठून गेले.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तेवढं 'म्हणे' काढून टाका."

"अहो, मग ते खोटं होईल."

"खोटं कसं? किल्ला आहे ना तिथे?"

"किल्ला आहे. पण मी नव्हते ना तिथे!" त्या हसल्या. "'म्हणे' म्हणजे उंबरठा असतो, वानखेडे. अलीकडे आपण, पलीकडे गोष्ट. तो काढला तर कोण कुठे आहे ते कळायचं नाही. आणि तुम्ही नागपूरकर आधी आपलं 'करून राहिलो' सोडा, मग माझं 'म्हणे' सोडवायला या."

मी हसलो. पुढचं कुटुंब आलं तेव्हा ताई उठायच्या आतच मी बोलून गेलो, "मैडम चार साल वहीं रही हैं."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखादं पोर धडधडीत खोटं बोललं की मास्तरीण जशी बघेल तसं. त्यांचा एक नियम होता, अनेकदा ऐकवलेला: "माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. पोराला तर नाहीच." तो मला ठाऊक होता आणि त्याच्याच भरवशावर मी बोललो होतो. त्या नकाशाकडे वळल्या. "चलिए, चप्पल पहनिए," म्हणाल्या. त्या दिवशी ना 'म्हणे' आलं, ना 'कहते हैं'. नंतर कधीच आलं नाही.

पुढचं सगळं इतकं सावकाश झालं की मला ते दिसायला वेळ लागला. आधी त्या 'तिथे' म्हणत, मग 'आमच्याकडे' म्हणू लागल्या. "आमच्याकडे तुतारी वाजली की कबुतरं उडतात." खोतिनच्या भिंतीपाशी आल्या की उजवा तळहात लोकांसमोर धरत. "मी हात लावलाय. ओला होतो." माझ्या टेबलावर काच होती. मे महिन्यात कूलरसमोरही माझा घसा कोरडा पडायचा तेव्हा ताई उठून गेल्यावर त्या काचेवर एका हाताचा ओला ठसा असायचा. उजव्याच हाताचा. कोणाकोणाच्या हाताला घाम येतो, असं मी मनाशी म्हणायचो आणि फडक्याने पुसून टाकायचो.

दुपारी साडेतीनच्या सुमारास त्या बोलता बोलता थांबत. बोट वर करून ऐकत. थोड्या वेळाने मान हलवत आणि अर्धवट वाक्य उचलून पुढे चालू. बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे साडेतीन होतात तेव्हा हिवाळ्यात तिकडे बारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात. उन्हाळ्यात ताई अडीचला थांबायच्या. त्यांना हे कोणी सांगितलं होतं, की कुठे वाचनात आलं होतं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं.

मग तिकडे युद्ध सुरू झालं. विमानं बंद पडली. आईबाप ऑफिसात दाटीवाटीने उभे होते, जिन्यातही माणसं होती. मुलं बसमधून रोमानियाच्या सीमेकडे निघाली होती. पुढे गाड्यांची रांग हलेना, म्हणून काही जण उतरून बर्फातून पायी निघाले. त्यांतल्या पलक नावाच्या मुलीचा फोन आला. गर्दीपासून चुकलो आहोत, पुढे रस्ता फुटतो आहे, आम्ही कुठे जायचं? तिचे वडील माझ्या अंगावरच आले. "मैडम को बुलाइए! वो तो वहाँ रही हैं, रास्ता जानती होंगी।"

तेव्हा बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

ताई पुढे आल्या. फोन स्पीकरवर होता. त्यांनी डोळे मिटले.

"जूते कसके बाँध लो, बेटा. चलो। बाएँ मुड़ो। आगे एक कुआँ आएगा, उसके ऊपर रंगीन छत है, बाजू में क्रॉस। उसको दाहिने हाथ रखके चलते रहना।"

मी टेबलाची कड धरून उभा होतो. डावीकडे काय असेल ते या खोलीत कोणालाही ठाऊक नाही, आणि कोणालाच ठाऊक नाही हे फक्त मला ठाऊक आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं. फोनमधून बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज येत होता. मग पलकचा आवाज आला. "मैडम... कुआँ मिल गया। छत वाला।"

आया रडल्या, ताईंच्या पाया पडल्या. मुलं सगळी सुखरूप घरी आली. त्या भागात जवळपास प्रत्येक गावात रस्त्याकडेला असा रंगीत छपराचा आड आणि शेजारी क्रॉस असतो, हे मी नंतर वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं, गोळी घ्यावी तसं. 'डावीकडे'चं उत्तर मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण ताईंना ते कसं सुचलं हा प्रश्न बाजूला राहू द्या. दुसऱ्यांची पोरं बर्फात उभी होती आणि मी माझं खोटं उघडं पडू नये म्हणून गप्प राहिलो. रस्ता चुकला असता तर? आजही घास तोंडाशी असताना हे आठवतं.

ऑफिस मी बंद केलं. मंडीदीपला एका मित्राच्या कारखान्यात कामाला लागलो. रविवारी ताईंकडे जायचो. त्यांची स्मरणशक्ती एव्हाना ओसरू लागली होती. ग्वाल्हेर गेलं, शाळा गेली, एक दिवस यजमानांचं नावही गेलं. चेर्निव्त्सी मात्र लख्ख होतं. सई आता नोकरी करत होती. ती कौतुकाने म्हणायची, "काका, आजीला सकाळचं जेवण आठवत नाही, पण तिथली गल्ली न् गल्ली आठवते!"

ताई भिंतीकडे तोंड करून झोपायच्या, उजवा तळहात भिंतीला टेकवून. हात असायचा तिथे ओल धरू लागली. सईने प्लंबर बोलावला. तो भिंत ठोकून बघत म्हणाला, "मैडम, इस दीवार में तो पाइप है ही नहीं।" जुनं घर, ओल कुठूनही येते, असं मी म्हणालो. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

त्याच सुमारास एका रविवारी ताई उठून बसल्या होत्या. नजर स्वच्छ, पूर्वीसारखी. सई माझा चहा घेऊन दारात आली होती.

"वानखेडे, खरं सांगा. मी गेले होते का हो तिथे?"

मी दाराकडे बघितलं.

"मला वाटतं, नव्हते गेले. एक शब्द होता बघा, वाक्याला लावायचा. तो लावला की नीट व्हायचं सगळं. मला सापडत नाहीये तो. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होता. दोन अक्षरी शब्द. तेवढा दिला असता तर बाई उंबरठ्याच्या अलीकडे आल्या असत्या. पण दारात सई होती. तिच्यासमोर तो शब्द काढला की त्याच्यामागून ती फरशी, ते टेबल, ती बर्फातली मुलं, सगळंच बाहेर आलं असतं.

"गेला होतात, ताई," मी म्हणालो. "चार वर्षं."

त्यांनी पुन्हा तसंच बघितलं, नकाशापाशी बघितलं होतं तसं. माझ्याकडे, मग दारातल्या सईकडे. "असं का," म्हणाल्या. "मग गेलेच असेन." आडव्या झाल्या आणि हात भिंतीला लावला. पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांना विसर पडला होता, की चारचौघांत मला खोटं पाडायचं नव्हतं, हे आता कळायला मार्ग नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. सईने अस्थी नर्मदेत सोडल्या, पण थोड्या मागे ठेवल्या. घरात ठेवायच्या नसतात म्हणून एका छोट्या तांब्याला फडकं बांधून तो अंगणातल्या सीताफळाच्या झाडाला टांगला आहे. मी जातो तेव्हा त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची ओढून घेतो. आत पलंग हलवला, भिंतीला रंग दिला. तो डाग रंगातून पुन्हा वर आला आहे.

"आजीला खोतिनला नेणार आहे मी," सई म्हणाली. "त्या भिंतीखालच्या नदीत सोडणार. पुढच्या महिन्यात निघते. रोमानियापर्यंत विमान, पुढे बसने."

"अगं, तिकडे युद्ध आहे."

"सीमेकडचा भाग शांत आहे म्हणे, काका."

त्या घरात तो शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला.

"आणि तुम्हीच तर सांगितलंत, माझ्यासमोर," ती पुढे म्हणाली. "चार वर्षं राहिली ती तिथे. शेवटी तेवढंच उरलं होतं तिच्याजवळ. चला, चपला घाला, म्हणायची ना? मग मी नको का घालायला?"

मी चहा संपवला आणि उठलो. फाटकापर्यंत ती सोडायला आली. हिवाळा लागला होता. साडेतीन वाजत आले होते आणि वारा अजिबात नव्हता. सई बोलता बोलता थांबली, बोट किंचित वर केलं, मग माझ्याकडे बघून हसली. "सवय लागलीय आजीची."

ती निघायच्या आधी तिला समोर बसवून मला एक वाक्य सांगायचं आहे: तुझी आजी तिथे कधीच गेली नव्हती, ते मी रचलं होतं. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. तेवढं देणं माझ्याकडे राहिलं आहे.