घराची शेजारती

काकूंचं डायलिसिस सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी असायचं, म्हणून आम्ही शनिवार धरला. त्यापुढचा शनिवार हातात नव्हता. गुरुवारी त्यांची मुलगी त्यांना कायमचं आपल्या घरी, प्लेनोला घेऊन जाणार होती. स्टेट कॉलेज नावाच्या या गावातलं त्यांचं घर विकलं गेलं होतं आणि हॉलमध्ये फक्त खोकी आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. माझा नवरा इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. मी पुण्यातल्या एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते. इथल्या माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस काकूंना डायलिसिसला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. जाताना त्या बोलायच्या, येताना थकून झोपायच्या. जे ऐकलं ते जातानाचं.

पन्नासएक वर्षांपूर्वी काका इंग्लंडच्या उत्तरेला एका गावात ज्युनियर डॉक्टर होते. लग्न नवीन होतं. हॉस्पिटलमधल्या एका नर्सने सांगितलं, जवळच एक कॅसल आहे, रविवारी बस जाते. काका नाशिकचे, सह्याद्रीतले गड पायी चढलेले. कॅसल म्हणजे किल्ला, एवढंच त्यांनी धरलं. जाड तळव्याचे बूट घातले, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून घेतली आणि नऊवारी आणली नाही म्हणून काकूंना चिडवलं. बस थांबली तेव्हा समोर सपाट हिरवळ होती आणि तिच्या टोकाला पिवळट दगडाचं तीन मजली लांबलचक घर. तट नाही, बुरूज नाही, चढ तर नाहीच. कॅसल फक्त नावापुरता.

"मी यांना म्हटलं, चढा आता," काकू सांगायच्या. "तर म्हणतात, थांब, चोरवाट शोधतो."

फाटक बंद होतं. नोव्हेंबर लागला होता. फाटकावरच्या माणसाने सांगितलं की घर आता हिवाळाभर बंद राहील, सामानावर पांढऱ्या चादरी घालून ते झोपवतात, एप्रिलमध्ये पुन्हा उघडतात. काकांनी ते ऐकून घेतलं, त्याचे आभार मानले आणि काकूंकडे वळून मराठीत म्हणाले, "शेजारती झाली. आता काकडआरतीला यायचं."

दोघं फाटकाबाहेरच पोळ्या खात उभे राहिले. दुपारचं ऊन घराच्या तोंडावर होतं. आतून कोणीतरी एकेका खिडकीची लाकडी दारं लावत चाललं होतं. खालच्या मजल्यावरच्या एका खिडकीशी तो माणूस थांबला. त्याने या दोघांकडे पाहिलं, हात वर केला आणि दार लावून घेतलं. काकांनी उत्तरादाखल छत्री वर केली, पण तोपर्यंत दार लागलं होतं.

फेब्रुवारीत अमेरिकेचे कागद आले. एप्रिलमध्ये ते दोघं पेनसिल्व्हेनियात होते. काकडआरती राहिली.

पुढे दोनदा तिथे जायचं ठरलं. पहिल्या वेळी काकांची बायपास निघाली. दुसऱ्या वेळी काकूंची किडनी. दोन्ही वेळा मुलीने तिकिटं कॅन्सल केली. काका गेले त्याला दोन वर्षं झाली. आता डॉक्टर इतक्या लांबचा प्रवास नको म्हणतात. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सगळं ऑनलाइन आहे गं. व्हर्च्युअल टूर करू आपण."

"मला टूर नको," काकू मला म्हणाल्या. "मला त्या खिडकीत आतून उभं राहायचंय. एकदा. बाहेर आम्ही उभे होतो ती जागा तिथून कशी दिसते, तेवढंच."

त्यांनी घराचं नाव सांगितलं. स्पेलिंग चुकीचं होतं. ते दुरुस्त केल्यावर दोन गोष्टी सापडल्या. घर अजून आहे आणि अजूनही एप्रिलमध्ये उघडतं. दुसरी गोष्ट इथल्या एका म्युझियमच्या यादीत होती. त्या घरातली जेवणाची खोली, लाकडी भिंती आणि शेकोटीसकट, अमेरिकेत आणून पुन्हा उभी केलेली आहे. म्युझियम गाडीने साडेतीन तासांवर. दोन वेगळ्या ठिकाणी पडताळून पाहिल्यावरच मी काकूंना सांगितलं. यादीत आणखी एक ओळ होती. ती मी सांगितली नाही.

शनिवारी दहाला निघालो. काकूंनी ठेवणीतली इरकल नेसली होती, वर कोट, पायात स्नीकर्स. डायलिसिसवर असल्यामुळे पाणी मोजून प्यावं लागतं. तहान लागली की त्या थर्मासमधला बर्फाचा खडा तोंडात धरायच्या. डब्यात पोळी आणि भाजी होती.

"बटाटा चालत नाही मला आता," त्या म्हणाल्या. "नाहीतर तीच केली असती. दुधी आहे. किल्ल्यावर दुधी घेऊन जाणारी मी पहिलीच."

म्युझियमने व्हीलचेअर दिली. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दारात जाड दोरी होती, तिच्या आत जाता येत नव्हतं. आत गडद लाकडाच्या भिंती, कोरीव शेकोटी, बारा जणांचं मांडलेलं टेबल. समोरच्या भिंतीत तीन उंच खिडक्या. त्यांच्या काचा दुधी होत्या आणि मागे दिवे लावले होते, बाहेर दिवस असल्यासारखे.

काकूंनी एकेक करून तिन्ही खिडक्या पाहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेर काहीच दिसत नाही गं."

"काचा तशाच बसवल्यात, काकू."

"या खिडक्या कुठल्या दिशेच्या?"

दाराशी माहितीचा फलक होता आणि त्यावर त्या घराचा छोटा नकाशा, उत्तरेच्या बाणासह. जेवणाची खोली दक्षिणेला होती.

"दक्षिण," मी म्हटलं.

"नोव्हेंबरात दुपारचं ऊन तोंडावर होतं. म्हणजे आम्ही दक्षिणेलाच उभे." त्या खुर्चीत पुढे झाल्या. "वाच ना काय लिहिलंय."

मी वाचून दाखवलं. खोली कोणासाठी बांधली, लाकूड कुठलं, शेकोटीवरची फळं कोणी कोरली. शेवटच्या परिच्छेदाआधी थांबले. अकरा वर्षं मी, जागा कमी पडली की, बातम्या शेवटाकडून कापत आले होते.

"खाली आणखी आहे," काकू म्हणाल्या.

"विशेष काही नाही."

"अगं, माझी किडनी गेलीय. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, स्वच्छ दिसतं मला." त्यांनी खुर्ची स्वतःच फलकापाशी ढकलली आणि बोट फिरवत वाचलं. तिथे लिहिलं होतं की घराच्या मालकाने या भिंती आणि शेकोटी विकल्या, त्याला जवळपास शंभर वर्षं झाली. खिडक्या मात्र त्यात नव्हत्या. इथल्या खिडक्या म्युझियमच्या सुतारांनी केल्या आहेत.

म्हणजे काका आणि काकू फाटकाशी उभे होते, तेव्हा ही खोली त्या घरात नव्हती. ती इथे येऊन कित्येक वर्षं झाली होती. हे मला आठवडाभर माहीत होतं.

"तू सांगणार नव्हतीस," काकू म्हणाल्या.

"नव्हते."

"का?"

"साडेतीन तास यायचं होतं."

त्यांनी फलक पुन्हा वाचला. मग त्यांना हसू आलं, आधी बारीक, मग कोटाच्या बाहीत तोंड लपवण्याइतकं. "म्हणजे ही आमच्या आधी आली. ग्रीन कार्डसुद्धा आधी मिळालं असेल हिला." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आणि खऱ्या खिडक्या?"

"त्या घरालाच आहेत."

"त्याने हात केला ती?"

"ती याच खोलीची होती का, हे सांगता येणार नाही. खालच्या मजल्यावर दक्षिणेला बऱ्याच खिडक्या आहेत."

"मी तुला सांगता येईल का विचारलं नाही. असू शकते का?"

"असू शकते."

"झालं तर," काकू म्हणाल्या. "मला पुरतं तेवढं."

आम्ही बाकीचं म्युझियम पाहिलं नाही. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली. शाळेची एक सहल येऊन गेली. एका जोडप्याने खोलीचा फोटो काढला, आणि त्यात येऊ नये म्हणून काकूंनी खुर्ची मागे घेतली. त्या दुधी काचांकडेच पाहत होत्या. एकदा म्हणाल्या, "डाव्या हाताला झाड होतं मोठं. त्याच्या उजवीकडे फाटक." नंतर बऱ्याच वेळाने, "छत्री काळी होती."

पाचला दहा मिनिटं कमी असताना गार्ड आला. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. म्युझियम बंद होतंय, त्याने सांगितलं.

काकू माझ्याकडे वळल्या. "शेजारतीची वेळ झाली." मग त्याला इंग्रजीत विचारलं, खोलीतले दिवे तुम्हीच बंद करता का, आणि करेपर्यंत मी थांबू का. तो जरा घुटमळला आणि हो म्हणाला.

बाजूच्या भिंतीत एक छोटं दार होतं. त्याने ते उघडून बटणं दाबली. आधी शेकोटीवरचा दिवा गेला, मग टेबलावरचा. खिडक्यांमागचे दिवे एकेक करून जायला लागले. डावी काळी झाली, मग उजवी. मधली अजून उजळ होती. काकूंनी उजवा हात वर केला. डायलिसिसच्या सुया टोचतात तो फिस्टुलाचा हात डावा, तो त्या जपतात. हात किती वेळ वर होता ते मी पाहिलं नाही, मी खिडकीकडे पाहत होते.

मधला दिवाही गेला. गार्डला वाटलं, हात त्याच्यासाठी होता. दार लावता लावता त्यानेही हात वर केला.

"बघ," काकू म्हणाल्या, "हाही करतो."

येताना त्या झोपल्या नाहीत. हॅरिसबर्ग मागे पडल्यावर त्यांनी डबा उघडला आणि दुधीची भाजी गुंडाळलेली पोळी माझ्या हातात दिली. गुरुवारी मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. दोन खुर्च्यांपैकी एक त्यांनी मला दिली. ती आमच्या अपार्टमेंटच्या दक्षिणेकडच्या खिडकीत आहे. बाहेर कॅम्पसच्या बसचा स्टॉप दिसतो. तिथे माणसं उभी असतात.