बातमीमावशीचं ‘म्हणे’

सगळी गल्ली तिला बातमीमावशी म्हणायची. सरकारी रेडिओवर बातम्या वाचायची ना! ती बोलली म्हणजे दगडावरची रेघ.

त्या उन्हाळ्यात नळाला पिवळं पाणी यायला लागलं. घरोघरी पोरं उलट्या करून लोळागोळा झाली. मावशीच्या सख्ख्या बहिणीची दोन्ही लेकरं दवाखान्यात, एकाच खाटेवर. आणि हिच्या हातात वाचायला कागद आला, ‘नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे.’

मावशी तडक साहेबाच्या खोलीत. "साहेब, हे कोण म्हणतं?"

"वरून आलंय."

"वरून पाऊस येतो, साहेब. ज्या माणसानं सांगितलं त्याचं नाव घालू द्या. आणि दवाखान्यात खाटा पुरत नाहीत, तेही सांगू द्या. माझ्या बहिणीची पोरं..."

साहेब हसला, मेला! "मग बहिणीला घरी जाऊन सांगा. रेडिओ काय तुमच्या बहिणीसाठी आहे?"

"मग कुणासाठी आहे?"

"आहे तेवढं वाचा. शब्द इकडचा तिकडे नको."

बघा म्हणजे झालं! रेडिओ सगळ्यांचा, पैसा सगळ्यांचा, आणि तोंड तेवढं एकट्या मंत्र्याचं. जनाची नाही, निदान मनाची तरी!

स्टुडिओतला लाल दिवा लागला. मावशीनं वाचलं, "नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे." जरा थांबली. मग म्हणाली, "म्हणे."

बस्स, एवढंच. पण ‘म्हणे’ लावल्यावर त्या वाक्यात राहतंय काय? घरोघरी पातेली चढली, पाणी उकळायला लागलं.

साहेबानं तिला खुर्चीवरून उठवलं.

"मी शब्द इकडचा तिकडे केला नाही, साहेब. एक वाढवला फक्त."

जुन्या टेपांच्या खोलीत बसवलं तिला, धूळ पुसायला. एवढा गळा, आणि धूळ!

"अगं, माझ्या पोरांपायी नोकरीवर पाणी सोडलंस," बहीण रडायला लागली.

"सोडलं, पण उकळून," मावशी म्हणाली.

गल्लीतल्या बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. पिवळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन रेडिओच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेबाला बाहेर बोलवा. एक पेला पिऊन दाखवू दे, नाहीतर आमच्या मावशीला परत खुर्चीवर बसवू दे!"

वॉचमन आत जाऊन आला. त्याच्याही घरी तेच पाणी. मान खाली घालून म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

मग मागे वळून बघितलं, आणि हळूच म्हणाला, "म्हणे."