नातीनं दुकानोदुकानी शोधलेला घोडा

मंडळातल्या मैत्रिणींनो, पाय गरम पाण्यात सोडून लिहायला बसलेय. आज जीव अगदी दमलाय.

उद्या आमच्या ह्यांना पंच्याहत्तरावं लागतंय. चंद्रपूरला त्यांची बावीस नंबरची जुनी बंदूक होती, पंपासारखा दांडा पुढेमागे ओढायची. इकडे परदेशात येताना ती पोलीस ठाण्यात जमा केली, तेव्हापासून हे गप्पगप्पच. तशीच एक शोधून द्यायची असं माझ्या नातीनं, सोनलनं ठरवलं. पोरगी गुणाची, पंचवीस वर्षांची झाली, पण वेळेवर जेवेल तर शपथ. असो.

"आजी, काहीतरी खूण सांग," म्हणाली. मी सांगितलं, घोडा बाहेर दिसतो.

इथल्या श्रूजबरी गावापासून आम्ही दोघींनी चार दुकानं पालथी घातली. जो तो मान हलवायचा. चौथ्यानं तर घोड्याचं चित्र कोरलेली बंदूक पुढे ठेवली.

"अगं, हे जनावर कशाला?"

"तूच म्हणालीस ना, घोडा. हॉर्स."

मी कपाळाला हात लावला. बंदुकीच्या मागच्या बाजूला जे आपटलं की गोळी सुटते, तोच आपला घोडा. सोनलनं दुकानदाराला समजावलं. तो हसतच आत गेला आणि हुबेहूब आमच्यासारखी घेऊन आला.

उद्यापर्यंत दम कुणाला? ह्यांनी बंदूक मांडीवर घेतली, नातीला शेजारी बसवलं. "हे बघ, याला घोडा म्हणतात."

"आय नो, आजोबा. आय रिअली नो."

मग तासभर तिला जंगलातलं सांगत बसले. माझे पाय ठणकतायत, पण कान निवले.

तुमच्या घरचे गप्प झालेले म्हातारे कशानं बोलते झाले, लिहा गं.