पुलाकडे पाठ

लेक रोइंगच्या प्रॅक्टिसहून येऊन गाडीत बसली, की नदीचा शेवाळी वास भरून राहतो. "बाबा, विंडो उघड ना," ती म्हणते. मी उघडत नाही. त्या वासाबरोबर मी पिस्कॅटवे या परक्या गावातल्या माझ्या पहिल्या पानगळीत पोचतो.

नदीकाठी उभा होतो. एक उंच बाई अरुंद होडी एकटीच वल्हवत माझ्यासमोरून गेली, ती थेट पुलाच्या दगडी खांबांच्या दिशेने, तेही पुलाकडे पाठ करून! मी घाबरून चक्क मराठीत ओरडलो, "अहो बाई, मागे बघा!" तिने मानही वळवली नाही. सुईत दोरा जावा तशी होडी कमानीतून अलगद निघून गेली.

धक्क्यावरचा कोच हसला. म्हणाला, "नेदरलँड्सची वर्ल्ड चॅम्पियन आहे ती. या होड्या वल्हवताना पाठ पुढेच असते. पूल तिने आधीच बघून ठेवलाय. आता पाण्यावर राहिलेल्या वल्ह्यांच्या खुणा बघत ती सरळ जाते."

मी थक्क झालो. तेव्हा डोळ्यांत भरला तो तिचा नेम. आता आठवतो तिचा चेहरा. ती धुक्यात ठिपक्याएवढी होईपर्यंत तो आमच्याकडेच होता.

पुढच्या महिन्यात लेक कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला जाईल. तोवर मी रोज धक्क्यावर उभा राहतो. तिची होडी लांब लांब जाते, आणि ती जाते माझ्याकडे बघत.