मेल्यावरही तीच चाल

बहात्तर सालचा दसरा चार दिवसांवर आला होता आणि तिसगावच्या रानात कापायला बाजरी नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांनी प्यायचं पाणी मागितलं, म्हणून मुकादमानं त्यांची नावं हजेरीवरून उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं तहसीलदार येणार होते. त्यांच्या हातात बायकांच्या बाजूनं मी लिहिलेलं पत्रक पडायलाच हवं होतं. नगरच्या दोन छापखान्यांनी हात वर केले. उरलं श्रीरामपूरच्या मिशनमधल्या फादरांचं सायक्लोस्टाईल, हातानं प्रती काढायचं यंत्र. त्या बायकांपैकी एका मावशींना घेऊन मी एस.टी.नं तिथं पोचलो.

फादर आमच्याच जिल्ह्यातले, पण परदेशात शिकलेले. त्यांची एक रीत होती. हो-नाही म्हणण्याआधी ग्रामोफोनवर तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकायची. शेवटची गाडी पाचची. माझा जीव घड्याळात.

"युरोपातलं, अडीचशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळातलं संगीत आहे, शरद ऋतूचं," ते म्हणाले. "ऐक. पीक घरात आलंय, शेतकरी नाचतायत. आता प्यायले. आता झोपले."

व्हायोलिनं खरंच पेंगायला लागली. माझं डोकं फिरलं.

"असले शेतकरी राजवाड्यातल्या लोकांना खुर्चीत बसून बघायला बरे वाटतात! इथं सुगी बुडाली, आणि तुम्ही आम्हाला सुगीचा नाच ऐकवताय?"

फादर उभे राहिले. "यंत्र मिळणार नाही. निघ तू."

झालं. बायकांचं काम मी माझ्या तोंडानं घालवलं. तबकडी फिरतच होती. फरशीवर बसलेल्या मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"ह्ये काय पळतंय वो?"

"शिकार आहे, बाई. कुत्री, बंदुका मागं लागल्यात."

"दम लागलाय त्याला." सूर तुटायला लागले. "सुटलं का?"

"नाही. मेलं."

आणि लगेच शिकाऱ्यांची तीच मजेची चाल पुन्हा जोरात सुरू झाली.

"त्ये मेलं, आन् ह्यांचा बाजा तसाच? आमच्या मुकादमावानी हायेत की ह्ये!"

फादरांनी सुई उचलली. माझा मसुदा घेतला, 'शोषकांनो' वगैरे पहिला परिच्छेद काट मारून उडवला. "हे कोण वाचणार? पाणी कसं मागितलं, ते या बाईंना सांगू दे." मावशी बोलल्या तसं त्यांनीच टाईप केलं, दांडाही त्यांनीच फिरवला. "मिशनचं नाव कुठं घेऊ नकोस," एवढंच बजावलं.

गाडी धावत पकडली. सकाळी पहिला कागद मावशींनीच तहसीलदारांच्या हातात दिला. दोन दिवसांत बायकांची नावं हजेरीवर परत चढली.

हजेरी घ्यायला मुकादम मात्र तोच होता.