आतल्या बाजूचा बिल्ला

या सदरातल्या अनुभवांखाली खवचट शेरे टाकणाऱ्यांमध्ये मी पहिली. ‘झोप पूर्ण घेत जा’, ‘पित्त झालं असेल’... असले. त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तुम्ही माझी टर उडवणार, हे धरून चाललेय. भूतबित मी आजही मानत नाही.

मी एका विद्यापीठाच्या मेकरस्पेसची इनचार्ज आहे. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, सगळं चकाचक. सेफ्टी ट्रेनिंग पास झाल्याशिवाय कार्ड नाही, कार्डाशिवाय दार उघडत नाही. तरी त्या दाराशेजारी मी एक लाकडी फळी ठोकलीय आणि पोरांना तिच्यावर पितळी बिल्ले लावायला लावते. पोरं हसतात. ‘मॅडम, हे म्युझियमला द्या की!’ म्हणतात. हसू देत. मीही हसले होते.

मी मूळची उदगीरची, वडिलांचं कापड दुकान. लातूरच्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली असतील. लातुरात तेव्हा कोचिंग क्लासचं पेव फुटलं होतं आणि घरटी एक पोरगं डॉक्टर होणारच होतं. मीही खोली करून दोन वर्षं घोकलं, मार्क कमी पडले, आणि नांदेडला एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाला आले. (नाव सांगत नाही.) वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘नांदेडला असते.’ काय शिकते ते सांगायचे नाहीत. मला ते फार लागायचं.

तिथलं वर्कशॉप म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. तेल, भट्टी आणि कापलेल्या लोखंडाचा वास... तो आजही कुठे आला की माझे पाय आपोआप रेंगाळतात. शेड शेख मास्तरांची. उंच, वाळकुडे, खाकी शर्ट. दाराशी त्यांची ती फळी: अर्ध्या भागावर ‘बाहेर’, अर्ध्यावर ‘आत’, आणि साठ पितळी बिल्ले. आधी आठवडाभर सेफ्टीचं ट्रेनिंग. मग तोंडी परीक्षा. पास झालात की स्वतःच्या हाताने नंबर ठोकून बिल्ला घ्यायचा. आत शिरताना तो ‘आत’च्या खिळ्यावर, निघताना ‘बाहेर’. दुसऱ्याच्या बिल्ल्याला मात्र हात लावायचा नाही. एकाने मित्राचा बिल्ला हलवला, तर मास्तरांनी दोघांनाही महिनाभर झाडू मारायला लावला होता.

ट्रेनिंगच्या आठवड्यात मी गायब होते. सगळ्यांना पोटदुखी सांगितली, आणि गुपचूप लातूरला जाऊन रिपीटर बॅचची प्रवेश परीक्षा देऊन आले. तिथेही नंबर लागला नाही. परत आले तर इथे बिल्ला नाही.

‘मास्तर, लोखंडाला नुसती कानस मारायचीय,’ मी कुरकुरले. ‘त्याला कसलं ट्रेनिंग?’

‘कानशीसाठी न्हाई बेटा. तू आत हायस, हे भिंतीला ठाव पायजे. बिल्ला न्हाई तर आत न्हाई. पुढच्या बॅचसंगं हप्ता पुरा कर.’

चक्रम म्हातारा, मी मनात म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी जॉब, म्हणजे घासून आकार दिलेले लोखंडी तुकडे, जमा करायचे होते. माझ्या वाट्याचा, अजून कानस न लागलेला तुकडा शेडच्या टोकाच्या स्टोअरमध्ये रॅकवर पडलेला. दुपारी सगळे चहाला गेल्यावर मी भट्टीजवळच्या मागच्या दाराने आत शिरले. तो घरंगळून रॅकच्या मागे गेलेला दिसला, तिथे भिंतीला लोखंडी पत्रे टेकवून ठेवले होते. एक जरासा ओढला. अख्खी चळतच अंगावर आली. उजवा पाय खाली अडकला.

सगळे परतले तसा शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, कुणाला ऐकू जाणार! मग केव्हातरी शुद्ध गेली.

जाग आली तेव्हा मशिनं बंद होती. झरोक्यातून संध्याकाळचं पिवळं ऊन येत होतं. आठ दिवस सुट्टी... होस्टेलला सांगून आले होते, जॉब देऊन तशीच उदगीरच्या एसटीने जाते. घरी कळवलं होतं, येईन, दिवस नक्की नाही. म्हणजे मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांचं ‘नांदेडला असते’ आठवलं आणि मी लहान मुलीसारखी रडले.

तेवढ्यात शेडमधून हाक आली.

‘नसीम! ए नसीम!’

माझं नाव नसीम नाही. नसीम नावाचं आमच्या वर्गात कुणीच नव्हतं. पण उरलासुरला आवाज गोळा करून मी ओ दिली, ‘हाव... हितं हाय!’

शेख मास्तरांनी एकट्याने ते पत्रे उचलले. हात कापले, रक्त येत होतं, त्यांना पत्ता नव्हता. माझ्याकडे किती वेळ बघत राहिले. मग माझं डोकं छातीशी धरून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

दवाखान्यात शिपाई रामरावांनी सांगितलं, ‘म्या कुलूप हातात घेतलं व्हतं. साठच्या साठ बिल्ले भाईर. मास्तर म्हनले, थांब, आत एक हाय. बघतो तर आतल्या खिळ्याला एक बिल्ला लटकून राहिला! नंबर न्हाई, निस्ती चांदनी कोरलेली.’

दुसऱ्या दिवशी मास्तर खाटेशी येऊन बसले, हाताला पट्ट्या. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना जे सांगायचे, ते मला एकटीला सांगितलं. सबंध वर्गाला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

‘औशाकडं गाव आमचं. नसीम नऊ वर्साची. भूकंपाच्या राती न सांगता मैत्रिणीकडं झोपाया गेलती. पहाटं समदं गाव पडलं. आमी दिसभर आमचंच घर उकरून राहिलो... ती तिकडं. सांजपतुर आतून आवाज येत व्हता म्हनं. कुणाचा, ते कुणालाच ठाव नव्हतं.’

नसीमला त्यांनी दप्तराला लावायला एक पितळी बिल्ला करून दिला होता, त्याच्यावर चांदणी कोरून. ते दप्तर सापडलंच नाही.

‘तोच आहे कशावरून, मास्तर?’ पाय मोडला तरी माझा स्वभाव कुठे मोडणार!

‘माझ्या हातची कानस म्या वळखना व्हय, बेटा?’

‘मग आता कुठंय तो?’

‘हाय तितंच. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावत न्हाईत.’

सुट्टी संपल्यावर वडील मला सोडायला आले. पायाला प्लास्टर, काखेत कुबड्या. एसटीत शेजारच्याने विचारलं तेव्हा वडील म्हणाले, ‘पोरगी मेकॅनिकलला आहे माझी.’ मी खिडकीबाहेर बघत बसले, डोळे भरून आले होते.

शेड माझ्यासमोरच उघडली. कुलपाची किल्ली सुट्टीभर मास्तरांकडे होती, मागचं दार त्यांनी त्याच संध्याकाळी खिळे ठोकून बंद केलं होतं. दार सरकलं. मी, मास्तर आणि रामराव, तिघांनी फळीकडे पाहिलं. ‘आत’चा भाग रिकामा होता. चांदणीचा बिल्ला ‘बाहेर’च्या शेवटच्या खिळ्यावर होता.

रामराव ‘आईची आण, म्या न्हाई’ म्हणत कानाला हात लावू लागले. मास्तरांनी ऐकलंही नसेल. फळीजवळ जाऊन ते म्हणाले,

‘भाईर आली माझी पोरगी.’

मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. ‘चल बेटा. हप्ता सुरू करू तुझा.’

मी त्यानंतर हरतऱ्हेने विचार करून पाहिलाय. मास्तरांनी दुःखाच्या भरात तसाच दुसरा बिल्ला घडवला असेल? असेल. कुबड्यांवर आलेल्या मला बरं वाटावं म्हणून हलवला असेल? तेही असेल, जरी स्वतःचा नियम मोडणारा तो माणूस नव्हता. पण मी आत आहे, हे त्या संध्याकाळी कुणाला माहीत होतं? इथे येऊन माझी गाडी अडते, ती आजतागायत अडलेलीच आहे.

नवीन बॅच आली की ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी मी हे सगळं सांगते. कुणी त्या दिवशी गैरहजर असेल, तर त्याच्यासाठी पुन्हा सांगते. मगच हातात बिल्ला देते.