लग्नघरची पायरी आणि माझी पहिली साइट: पैठणकडचे दोन दिवस

तीन महिने मी पाण्याच्या पाइपलाइनी काढत होते आणि त्या काळात ऑफिसच्या कूलरमधलं सोडून दुसरं पाणी काही बघितलं नव्हतं.

इंजिनिअरिंग संपवून मी आपल्या संभाजीनगरातल्याच एका सल्लागार कंपनीत लागले. पद ग्रॅज्युएट इंजिनिअर. ऐकायला भारदस्त वाटतं, पण काम म्हणजे एसीच्या तोंडासमोर बसून स्क्रीनवर निळ्या रेघा ओढणं. ही रेघ अमुक गावाची, ती तमुक वस्तीची. गावं मी पाहिलेली नाहीत आणि गावांनी मला पाहिलेलं नाही. शेवटी एका सोमवारी हिय्या केला आणि आमच्या प्रमुख पाथ्रीकर मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मला फील्डवर पाठवा."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "पैठणच्या अलीकडं एका गावाची लेव्हल घ्यायची आहे. शफीकभाईंबरोबर जा. दुर्बीण तू लावायची, ते फक्त पट्टी धरतील. लेव्हल जुळली तर फील्ड टीममध्ये ये. नाही जुळली तर वर्षभर तेच टेबल, आणि तक्रार चालणार नाही."

लेव्हल म्हणजे काय ते आधीच सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यावरच आहे. गावात एक पक्का दगड निवडायचा आणि त्यावर खूण करायची. तिथून दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उंच पट्टी घेऊन गल्लीगल्लीतली जमीन किती चढते, किती उतरते ते मोजत जायचं आणि फिरून पुन्हा त्याच दगडावर यायचं. निघताना दगडाची जी उंची धरली तीच परत आली पाहिजे. एवढंच. पण ती आली नाही तर दिवसभराची मोजणी गेली.

पुंडलिकनगरच्या आमच्या घरी ही बातमी गोड लागली नाही. आई म्हणाली, "चांगली सावलीतली नोकरी सोडून उन्हात कामून हिंडायचं? काळी पडशील. लोक बघायला येणारेत पुढच्या महिन्यात." बाबा लासूर स्टेशनला आडतीवर होते म्हणून वाचले, नाहीतर त्यांनाही बाजू घ्यावी लागली असती. मी गुपचूप बाटली भरली आणि सकाळी मध्यवर्ती बसस्थानक गाठलं.

पैठणला जायचं असेल तर एसटीसारखं सुख नाही. गाड्या भरपूर आहेत आणि बायकांना निम्मं तिकीट. फक्त हातात तिपाई नसावी. शफीकभाईंनी दुर्बिणीची पेटी पोटाशी धरलेली, पट्टी माझ्याकडं आणि तिपाई दोघांच्या मधे. शफीकभाई म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने सर्व्हेअर. कडक माणूस. दुर्बिणीला कुणी टेकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते.

कंडक्टरनं तिपाईकडं बोट केलं. "ताई, हे काय हाय? तोफ हाय का?"

"दुर्बीण ठेवायची तिपाई आहे."

"मग मागं घ्या ती. ब्रेक मारला की कुणाच्या तरी डोक्यात बसंल."

मागच्या बाकावरच्या दोन आजोबांनी ती पैठणपर्यंत सांभाळायची तयारी दाखवली. आम्ही अलीकडंच उतरणार हे ऐकून ते जरा हिरमुसले.

रस्ता चितेगाव, बिडकीन, ढोरकीन असा जातो. जिथं रुंद झालाय तिथं गाडी सुसाट आणि जिथं काम चाललंय तिथं सगळी बस एका तालात डुलते. बिडकीनला दहा मिनिटं थांबते, तेव्हा स्टँडसमोरच्या गाड्यावर सुशीला खाऊन घ्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी: सुशीला ही बाई नसून भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता आहे. वरून शेंगदाण्याचा कूट, लिंबू आणि सोबत हिरवी मिरची. मी दोन प्लेट खाल्ल्या. थंडीचे दिवस होते, तुरीची शेतं पिवळी दिसत होती आणि मला उगाचच गाणं म्हणावंसं वाटत होतं. शफीकभाई म्हणाले, "अभी खुश हो ले बेटा. लेव्हल क्लोज झाली तर संध्याकाळी पण हो."

गावाचं नाव लिहीत नाही, ऑफिसचं काम आहे. गाव टेकाडावर वसलेलं. खालच्या आळीत नळाला पाणी येतं, वरच्या आळीत नुसता नळ येतो. जायकवाडीचं एवढं मोठं धरण जवळ आणि वरच्या बायका खालून हंडे वाहतात. आमचं काम तेच होतं, पाणी वर कसं चढवायचं ते ठरवण्यासाठी गावाचा चढउतार मोजायचा.

वरच्या आळीत शेवटच्या घरापाशी मला हवा तसा दगड सापडला. दाराची पायरी, काळी, रुंद, दोन माणसांना हलणार नाही अशी. मी लाथ मारून बघितली. तेवढ्यात घरातून कौसामावशी आल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हात पिठानं भरलेले.

"पायरीला कामून लाथा मारता ओ?"

मी खजील होऊन काम सांगितलं. "हिच्यावर लाल खूण करू का? मोजणीची आहे. संध्याकाळपर्यंत पुसू नका फक्त."

"करा की. पाण्याचं काम हाय, मग दारावर बी करा." त्या हसल्या. "परवा लेकीचं लग्न हाय आमच्या. टँकर सांगितलाय. तुमची लाइन यायला उशीरच झाला जरा."

मी ऑइल पेंटनं झकास लाल फुली मारली, दुर्बीण लावली आणि पहिला आकडा घेतला. आकडा स्वच्छ दिसला. तिथून पुढं दुपारपर्यंत मी फार सुखात होते. ज्या रेघा स्क्रीनवर निळ्या आणि सरळ असतात त्या इथं गोठ्याला वळसा घालत होत्या, पारापाशी रुंद होत होत्या आणि एका घराच्या न्हाणीमागं अगदी अडकत होत्या. जाताना मी शाळेच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यावरही एक आकडा घेऊन ठेवला. शफीकभाई म्हणाले, "वो क्यूं?" मी म्हटलं, "असू द्या, भीती वाटते." त्यांनी पट्टी उचलली आणि पुढच्या गल्लीकडं निघाले.

गावात दुर्बिणीचा अर्थ एकच, फोटो. एक आजी मला बघून डोक्यावर पदर घेऊन ताठ उभ्या राहिल्या. "झाला का?" मी "झाला" म्हटलं, मग मलाच वाईट वाटून मोबाइलवर खरा फोटो काढून दाखवला. आजी म्हणाल्या, "ह्या मोठ्या मशिनीत चांगला आला असंल, तो दाव." दुपारी सरपंचांच्या घरून भाकरी, पिठलं आणि ठेचा आला. पैसे घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा अशा गावात जाताना मुलांना द्यायला काहीतरी खाऊ सोबत ठेवा.

चारच्या सुमारास आम्ही फिरून कौसामावशींच्या दारात आलो. सकाळचं साधं दार आता लग्नघर झालं होतं. दाराशेजारी आंब्याच्या डहाळ्या बांधलेला खांब उभा होता, मांडवाचे बांबू आले होते, बायका कुरड्या तळत होत्या. माझी फुली जागेवर होती. नुसती होती असं नाही, मावशींनी तिच्याभोवती रांगोळीही काढली होती. मला इतकं भरून आलं! शफीकभाईंनी पट्टी दगडावर उभी केली. मी शेवटचा आकडा घेतला आणि हिशेब केला.

चार सेंटीमीटरचा फरक.

मिलिमीटरमधे असता तर चाललं असतं. चार सेंटीमीटर म्हणजे मी कुठंतरी आंधळेपणा केला होता. पुन्हा बेरीज केली. तेवढेच. डोळ्यांसमोर ते टेबल आलं, तो एसी, त्या निळ्या रेघा. वर्षभर. मी वही पुढं केली.

शफीकभाईंनी माझे आकडे ओळीनं वाचले. "वाचण्यात चूक झाली असंल बेटा. पहिल्या बारीला सगळ्यांची होती. मेरी भी हुई थी. उद्या पुन्हा करू." त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पण आठीही घातली नाही, आणि त्यामुळंच मला रडू आलं.

"बाई, च्या घ्या," कौसामावशी कपबश्या घेऊन आल्या. मी त्याच दगडावर टेकले. टेकले आणि वाटलं, सकाळी मावशी उंबऱ्यातून या पायरीवर पाय देताना चांगल्या खाली वाकल्या होत्या. आता चहा आणताना तशा वाकल्या नाहीत. मी उठले. दगडाच्या कडेची माती ओली, भुसभुशीत, ताजी. त्याच कडेला तो डहाळ्यांचा खांब.

"मावशी, हा खांब कधी रोवला?"

"ती मुहूर्तमेढ हाय बाई. आज दुपारचा मुहूर्त व्हता. दाराच्या उजव्या अंगालाच रोवावी लागती."

"आणि दगड?"

"आड येत व्हता. चौघांनी पहारीनं उचलला, खड्डा घेतला, हळदकुंकू वाहून मेढ लावली, अन् माती लोटून दगड व्हता तिथं ठिवला." मावशींना एकदम शंका आली. "खूण नाय पुसली ओ! मी सोता उभी व्हते. म्हनलं, हात लावाल तर याद राखा, पाण्याची खूण हाय."

मी हसायलाच लागले. खूण जपली होती हो, अगदी जिवापाड जपली होती. फक्त तिच्याखालचा दगड भुसभुशीत मातीवर वर आला होता.

पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं. शाळेचा व्हरांडा तर कुणी उचलला नव्हता! आम्ही दुर्बीण घेऊन तिकडं जवळजवळ पळालो. शाळेपासून पायरीपर्यंत पुन्हा मोजलं. पायरी तेवढीच वर आलेली, आणि शाळेशी ताडून पाहिली तर माझी दिवसभराची लेव्हल दोन मिलिमीटरमधे जुळत होती. शफीकभाईंनी स्वतः आकडे दोनदा केले. मग आयुष्यात पहिल्यांदाच असावं, ते दुर्बिणीला टेकून उभे राहिले. "मुहूर्तमेढ! इतनी नोकरी हो गई, ये नहीं देखा था."

त्या रात्री आम्ही पैठणला मुक्कामी होतो. लॉज साधा, पण गरम पाण्याची सोय आणि स्टँड जवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपासून सगळी फेरी पुन्हा घेतली, मनाची खात्री म्हणून, आणि दुपारी मोकळे झालो. मग शफीकभाई मला जायकवाडीच्या काठावर घेऊन गेले. थंडीत तिथं परदेशी पक्षी उतरतात, थवेच्या थवे. पाणी पार क्षितिजापर्यंत. सकाळी लवकर गेलात तर जास्त दिसतील. गावात पैठणीच्या मागावर एक ताई मोराचा पंख विणत होत्या. बघू देतात, फक्त हात लावू नका आणि घ्यायची नसेल तर भाव विचारत बसू नका. गोदावरीच्या घाटावर मी बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ काहीच केलं नाही. आनंद झाला होता, दुसरा शब्द नाही.

पहिली फेरी मात्र जुळली नव्हती, आणि ऑफिसात ते सांगायचंच होतं. मी मॅडमना सगळं सांगितलं, रांगोळीसकट.

"म्हणजे चूक दगडाची?" त्यांनी विचारलं.

"नाही, माझी. दोन दिवसांवर लग्न आहे हे मावशींनी सांगितलं होतं. लग्नघरची पायरी घ्यायलाच नको होती."

"बरोबर. आणि शोधलं कुणी? शफीकभाईंनी?"

"उसने मॅडम, उसने," दारातून शफीकभाई म्हणाले.

मॅडम हसू दाबत कागदांकडं वळल्या. "ते टेबल रिकामं कर. नवीन मुलगा येतोय सोमवारी."

घरी आले तर आई तयारीतच होती. माझा चेहरा उलटसुलट करून बघितला. "पडलीसच काळी." मग जेवताना मी तिला सगळं सांगितलं. बसमधली तिपाई, फोटोवाल्या आजी, मुहूर्तमेढ. ती खूप हसली. हसता हसता थांबली.

"मग त्या बाईच्या दारात पाणी कधी चढणार?"

मी सांगायला लागले. आता नकाशे होतील, मग अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर, मग खोदाई. वेळ लागतो त्याला.

"किती?"

"ठरलेलं नसतं आई."

आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "लेक आता सासरी जाईल. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय. बाळाची न्हाणी, लंगोट, सगळं पाण्याचंच काम. म्हंजे वर्षा-दीड वर्षात चढायला पाहिजे."

तीन महिन्यांत एकाही मीटिंगमध्ये कुणी मला इतकी स्पष्ट मुदत दिली नव्हती.

"अन् बघायला येणारेत त्यांना सांगते नंतर या म्हणून," आई म्हणाली. "तू जेव, झोप, अन् सकाळी पहिल्या गाडीनं कामाला नीघ."